वरचा एक तास

माझी नणंद नूतनताई एका जागी पंधरा मिनिटं बसलेली मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहिली नव्हती. अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याच लग्नात, करवली म्हणून भावाच्या मागं उभं राहायचं सोडून, ही भात शिजला का बघायला मांडवामागं गेली होती. चौथ्या मंगलाष्टकाला नवरदेवाच्या मागं कुणीच नव्हतं. आल्बममध्ये ती जागा अजून रिकामी दिसते, आणि कुणी फोटो बघायला काढले की मी ती बोट ठेवून दाखवते.

आमचं घर पेणच्या खारेपाटातलं, खाडीकाठचं. सासरे, अंबाजी, मिठागरात आयुष्य काढलेले. मिठागराला आम्ही नुसतं आगर म्हणतो. नूतनताई अकराव्या वर्षी शाळेतून उठली ती थेट आगरात गेली. भरतीला बांधातली उघाडी उघडायची, खाडीचं पाणी आत घ्यायचं, ओहोटी लागायच्या आत फळी टाकायची. मग मीठ धरलं की ते डोक्यावरून वाहायचं. बांधावरून टोपल्या घेऊन दिवसभर ये-जा. तिच्या पायाला भिंगरी आहे असं सगळे म्हणतात, पण ती भिंगरी तिथं बांधली गेली हे कुणी म्हणत नाही. एकवीस वर्षं चालणाऱ्या पायांना एक दिवस सांगितलं की आता थांबा, तर ते कसे ऐकणार?

कारण आगर थांबलं. एका पावसाळ्यात बांधाला खांड गेली, ती कुणी बुजवली नाही, आणि पांढऱ्या खाचरांत खाजणाचं, खारफुटीचं रान माजलं. तोवर तिचे यजमान दिनानाथदाजी बंदरावर ट्रेलर चालवायला लागले होते. पुढं स्वतःचा ट्रेलर झाला, मग मुलगा शुभम हाताशी आला. आज घराला लादी आहे, दिवाणखान्यात सोफा आहे, दारात गाड्या आहेत. आणि त्या सोफ्याकडं बोट दाखवून घरातला प्रत्येक माणूस तिला एकच गोष्ट सांगतो, "आये, आथा बस जरा."

तो शब्द ऐकला की ती चप्पल घालायची.

आधी बांधावरून चालायची. मग वडखळपर्यंत. मग एकदा सकाळी न सांगता निघाली आणि दुपारी अलिबागहून फोन केला, की इथं भजी चांगली मिळतात. शुभम गाडी घेऊन आणायला गेला, तर ती वाटेत त्यालाच समोरून चालत येताना भेटली. गावात चर्चा सुरू झाली. घरात तीन गाड्या आणि बाई पायी हिंडते, म्हणजे काहीतरी भांडण असणार. मला शाळेत येऊन विचारलं लोकांनी. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळं गावाचे सगळे प्रश्न माझ्याकडंच येतात. मी सांगून टाकलं, की हो, भांडण आहे, तिचं आणि सोफ्याचं.

अलिबागच्या त्या भज्यांच्या टपरीवरच तिला किशोरी भेटली. चाळिशीची बाई, हिवाळ्यात बायकांच्या तुकड्या घेऊन रेवस ते हरिहरेश्वर किनाऱ्यानं चालत नेणारी. रस्त्यानं नाही, जमेल तितकं पाण्याच्या कडेनं, वाळूतून, खडकांतून, जंगलाच्या पायवाटांनी. दहा दिवस. तिच्या तुकड्यांना वाट दाखवायचे बाळाजी म्हणून एक म्हातारे कोळी. त्यांचे गुडघे आता बोलायला लागले होते आणि किशोरीला त्यांच्या जागी कुणीतरी किनाऱ्याचं माणूस हवं होतं, शक्यतो बाई. नूतनताईनं भजी खाता खाता सांगितलं, की मी आहे.

किशोरी हसली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणाली, आधी स्वतः सगळी वाट चालून या, तुमच्या हिशेबानं, शेवटी हरिहरेश्वरला आम्ही भेटू. बाळाजीभाऊ दोन प्रश्न विचारतील. मग ठरवू.

त्या दिवसापासून नूतनताई घरात असून नसल्यासारखी होती. छप्पन्न वर्षांत तिनं स्वतःहून मागितलेलं हे पहिलं काम. आगर बापाचं होतं, संसार दाजींचा, ट्रेलर मुलाचा. हे मिळालं नाही तर मला परत त्या सोफ्यावर जावं लागेल, असं ती मला म्हणाली. मी तिला त्याआधी कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

शुभमनं तिला एकटीनं जाऊ द्यायला साफ नकार दिला. तिनं वाद घातला नाही. भाऊबीजेला आमच्या घरी आली, माझ्या नवऱ्याला ओवाळलं, आणि तो पाकीट काढायला लागला तसा त्याचा हात धरला.

"मना पैसं नको. साडी नको."

"मग काय पायजे?"

"तुझी बायको दे. धा दिस."

माझा नवरा मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "ने." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. ओवाळणीच्या तबकात मी गेले, सुपारीसारखी.

पंचमीला सकाळी आम्ही रेवसच्या धक्क्यावर उभ्या होतो. तिच्या अंगात सलवार-कमीज, पायात शुभमनं आणलेले बूट, डोक्याला आगरातलं जुनं फडकं. मी मात्र नवीन बूट, नवीन टोपी, नवीन पाठपिशवी, सगळं नवीन, आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या नवीन वस्तूंनी मला फोड आणले.

ती कशी चालते ते सांगते. पुढं बघून चालत नाही, पायाखाली बघून चालते, बांधावरच्यासारखी, एका पावलासमोर दुसरं पाऊल. वेग एकच. चढ असो, वाळू असो, गुडघाभर केतकीचं बन असो. मी थांबले की ती थांबत नाही, माझ्याभोवती गोल फिरते. मी पाणी पितेय तोवर पुढच्या टेकाडावर जाऊन वाट बघून परत येते. रात्री ओळखीच्या घरी नाहीतर देवळाच्या ओसरीवर मुक्काम असायचा, तिथंही ती पाठ टेकेपर्यंत कुणाच्या तरी अंगणात झाडू मारत असायची. "ताय, बसा हो, मना बघून दमायला होतंय," असं मी रोज म्हणायचे. ती रोज म्हणायची, "तू बस ना, रचना, तुना कोन नको बोलला?"

पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्यातही काहीतरी सुटं झालं. काशीदच्या पुढं डोंगर पाण्यापर्यंत उतरतो तिथं सकाळभर आम्हाला माणूस दिसलं नाही. वानरं होती, कोरड्या पानांचा आवाज होता, आणि झाडांतून खाली समुद्र. शाळेची घंटा नाही, "बाई, यानं माझी पेन्सिल घेतली" नाही. मी नणंदेच्या मागं मुकाट चालत होते आणि मला फार बरं वाटत होतं. हे मी तिला सांगितलं नाही. तिनं लगेच वीस दिवसांचा बेत केला असता.

आता मुख्य गोष्ट. असं चालायचं तर पाण्याची वेळ कळावी लागते. पुष्कळ ठिकाणी कडा थेट समुद्रात उतरतो आणि त्याच्या पायथ्याची खडकांची वाट फक्त ओहोटीला उघडी पडते. नूतनताईचा हिशेब बापाकडून आलेला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीन वाजता पूर्ण भरती, त्यानंतर सहा तासांनी पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. एवढं किनाऱ्यावरचे सगळेच करतात. अंबाजी मात्र त्यावर आणखी एक तास टाकायचे. "पाऊनपट कर आनि वर येक तास टाक," हे त्यांनी लेकीला अकराव्या वर्षी शिकवलं, आणि एकवीस वर्षं उघाडीवर तो हिशेब मिनिटाला मिनिट बरोबर आला. का टाकायचा, हे त्यांनी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

मी फोनवर बघायचे. फोन तासभर आधीची वेळ दाखवायचा. मी दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "फोनचा पानी मुंबईचा. मी आगराची लेक हाय, मना पानी नको शिकवू." रेवदंड्याच्या अलीकडं मासळी वाळत घालणाऱ्या एका बाईनंही ओरडून सांगितलं होतं, "पानी फिरला, बायांनो, वरनं जावा." नूतनताई म्हणाली, "अजून तास हाय." तेव्हा घोट्यापर्यंत भिजलो आणि हसलो. पुढचे दिवस भांगाचे होते. अष्टमीच्या आसपास पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही, त्यात चूक असली तरी दिसत नाही.

मी चौथीच्या मुलांना भरती-ओहोटी शिकवते. चंद्र काढते फळ्यावर. तरी मीही गप्प बसले, कारण ती इतक्या खात्रीनं सांगायची. म्हणजे पुढं जे झालं त्यात माझा वाटा आहे, हे आधीच कबूल करते.

आगरदांड्याहून तरीच्या बोटीनं दिघीला उतरलो. पायी जाताना बोट चालते का, यावर तिनं दोन दिवस विचार केला होता. पाण्यावरून चालता येत नाही, म्हणून चालते, असं ठरलं, पण पलीकडं पोचेपर्यंत ती बाकावर बसली नाही. दिवेआगर मागं पडलं. द्वादशीला आम्ही शेखाडीच्या अलीकडच्या एका कड्याशी आलो. रस्ता वर डोंगरावरून वळसे घेत गेलेला, आणि खाली काळ्या खडकांची वाट, कड्याला बिलगून, मध्ये एक बाहेर आलेलं नाक. ते वळलं की पलीकडं वाळू. दीड तासाचं काम.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. पाणी उतरत होतं. तिनं बोटांवर हिशेब केला. "बाराची पाऊनपट नऊ. वर येक, धा. चार वाजता पुरी सुकती. साडेतीनला उतरू, पाचला पार."

"ताय, फोन तीनला सुकती दावतोय. दोनला उतरू या ना."

"परत फोन?"

मी वाद सोडला. उंडीच्या झाडाखाली भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली आणि तिथंच आडवी झाले. ती काय करत होती म्हणता? अडीच तास होते हातात. समोर पाणी होतं. नुसतं बसून त्याच्याकडं बघितलं असतं तर एक चिमुरडं पोरही सांगू शकलं असतं की आता ते उतरायचं थांबलं, आता वळलं. पण बसेल ती नूतनताई कसली? ती डोंगरात गोड्या पाण्याचा झरा शोधायला गेली. झरा सापडला. दोन्ही बाटल्या भरून साडेतीनला हजर झाली, आणि मोठ्या आनंदानं मला उठवलं.

पहिला अर्धा तास काही जाणवलं नाही. खडक ओले होते, पण खडक ओलेच असतात. मग मला मागं एक खळगा दिसला. आपण आत्ताच त्यातून कोरड्या पायांनी आलो आणि आता त्यात पाणी हलतंय. मी हाक मारली. ती थांबली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती पायाखाली न बघता समुद्राकडं बघत राहिली.

"पानी आत येतंय," ती म्हणाली. एवढ्या हळू, की मला ओठांवरून कळलं.

नाक अजून पन्नास पावलं पुढं होतं. आम्ही धावलो. खडकांवर धावता येत नाही, तरी धावलो. नाकापाशी पोचलो तर तिथं वाट नव्हतीच, नुसतं पाणी, येऊन आपटत होतं आणि फेस काढून परत जात होतं. मागं वळलो तर मागचा खळगा आता खळगा राहिला नव्हता. माझ्या कमरेला पाणी लागलं तेव्हा मी ओरडायला लागले. काय ओरडले ते आठवत नाही. नूतनताईनं माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला होता, तो तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

कड्यात एक चीर होती, शेरडं चढतात तशी. ती तिला दिसली. तिनं मला पुढं घातलं आणि खालून डोक्यानं ढकललं, हो, डोक्यानं, टोपली उचलल्यासारखं. माझा डावा बूट गेला. हातांत करवंदीचे काटे घुसले. अर्ध्या उंचीवर एक सपाट दगड होता, तिथं मी पडले, आणि ती माझ्या शेजारी येऊन पडली. खाली आमची वाट पूर्ण बुडालेली होती. माझ्या हातातलं घड्याळ बंद पडलं नव्हतं. पाच वाजत होते, म्हणजे तिच्या हिशेबानं आम्ही नुकतंच पार व्हायला हवं होतं.

ती रडत होती. मी तिला सासऱ्यांच्या दिवसांतही रडताना बघितलं नव्हतं. "भावानं मना ओवाळनीत दिली तुना," एवढंच ती परत परत म्हणत होती. "मी त्याला काय सांगतलं असतं?"

मी तिला समजावलं नाही. मला राग आला होता. इतका राग, की वर चढून रस्त्याला लागल्यावरही मी एका बुटात तिच्यापुढं चालत राहिले आणि मागं वळून बघितलं नाही. शेखाडीत एका घरी तुळशीच्या लग्नाची तयारी चालली होती. तिथल्या सखुबाईंनी आम्हाला त्या अवस्थेत बघितलं, काही न विचारता गरम पाणी दिलं आणि मला स्वतःच्या चपला दिल्या. तुळशीला ऊस लावला, मंगलाष्टकं झाली. नूतनताई कोपऱ्यात उभी होती. या वेळी ती भात बघायला गेली नाही.

पुढचे दोन दिवस आम्ही फक्त रस्त्यानं चाललो आणि फक्त कामाचं बोललो. तिचा वेग गेला होता. चतुर्दशीला श्रीवर्धन सोडताना मी शेवटी तोंड उघडलं. म्हटलं, "हे बघा, कोनी बघितला नाय. मी कोनाला सांगनार नाय. तुमी बाळाजीभाऊंना फोनची वेळ सांगा आनि मोकळ्या व्हा." मला तिच्यावर राग होता, पण ती परत सोफ्यावर जाऊन बसलेली मला बघवणार नव्हती. दोन्ही खरं होतं.

ती पायाखाली बघत चालत राहिली.

हरिहरेश्वरला देवळामागच्या पायऱ्या उतरलं की समुद्राकाठानं प्रदक्षिणेचा मार्ग आहे, तोही ओहोटीलाच मोकळा असतो. किशोरी आणि बाळाजीभाऊ पायऱ्यांवरच बसले होते. किशोरीनं मिठी मारली, पेढे दिले. बाळाजीभाऊ माझ्या पायांतल्या चपलांकडं बघत होते.

"दहा दिवसांत आलात की! आता भाऊ, विचारा काय ते," किशोरी म्हणाली.

बाळाजीभाऊंनी खाली बोट दाखवलं. "बाय, यो पानी कवा वळल?"

चार वाजत आले होते. चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे सुकती साडेचारला. मला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं. उत्तर दोन शब्दांचं होतं.

"मना नाय ठाव," नूतनताई म्हणाली. "मना ठाव हाय असा मना वाटायचा." आणि तिनं सगळं सांगितलं. मासळीवाली, फोन, वरचा एक तास, झरा, चीर. माझा बूटसुद्धा. स्वतःच्या बाजूनं एक शब्द घातला नाही.

किशोरीचा चेहरा उतरला. बाळाजीभाऊ तिच्याकडं वळले.

"तुझा आगर खारीत किती आत?" त्यांनी विचारलं. खाडीला ते खारी म्हणत.

"लय आत. पेनच्या अंगाला."

"मग तुझा बापूस बरोबर होता. दर्याला भरती झाली की तुमच्या उघारीवर पानी पोचायला तास लागतो. त्यो तास तुमच्या खारीचा. दर्याचा नाय." मग त्यांनी चंची काढली. "चुकी तासाची नाय. समोर अडीच तास पानी होता. तू बघितला का नाय? बाय, तू चालतंस मस्त. पन तुना बसाया येत नाय. दर खडकाचा टायम वेगला. त्यो फोनात नाय, तिथीत नाय. बसून बघाया लागतो."

किशोरीनं हळूच सांगितलं, की या मोसमात तरी नको. बायका माझ्या भरवशावर येतात, ताई. नूतनताईनं मान हलवली. बरोबर हाय, म्हणाली. शुभम गाडी घेऊन आला होता. ती मागच्या सीटवर बसली आणि पेणपर्यंत हलली नाही. तेव्हा मला तिची खरी काळजी वाटली.

मार्गशीर्षात एक दिवस दाजींचा मला फोन आला. ते मोजकं बोलतात. "नूतन शेखाडीला गेली. पंधरा दिस येनार नाय बोल्ली. तुझ्याकरनं वही नेली का?" नेली होती. माझ्या कपाटातून शंभर पानी वही आणि सुतळीला बांधलेली पेन्सिल.

रविवारी मी आणि शुभम गेलो. सखुबाईंनी कड्याकडं हात केला. वर, त्याच सपाट दगडावर, नूतनताई बसली होती. डोक्याला फडकं, मांडीवर वही. आम्ही हाक मारली तर तिनं हातानं थांबा म्हणून खूण केली आणि मान वळवली नाही. उजवा पाय मात्र एकसारखा हलत होता. तो बिचारा अजून चालतच होता. सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत ती तिथं असायची. पहिल्या दिवशी दुपारी तिला वाटलं होतं, की डोकं फिरेल, उठून पळत सुटेन. तिनं दोन्ही हातांनी दगड धरून ठेवला. हे तिनं मला नंतर सांगितलं.

शुभम खालून ओरडला, "आये, बस झाला, चल आथा!"

जन्मभर ज्यानं तिला बस म्हटलं त्याच्या तोंडून चल ऐकून मला हसू आलं. तिलाही आलं असावं, कारण पेन्सिल हलली. पण ती उठली नाही.

पुनवेपर्यंत ती बसली. मग श्रीवर्धनपर्यंत अशाच आणखी चार अडचणीच्या जागा होत्या, तिथं पौषात जाऊन बसली. वही घेऊन अलिबागला गेली. बाळाजीभाऊंनी वही दोन दिवस ठेवून घेतली आणि किशोरीला म्हणाले, माघातली तुकडी हिला दे. मोसम संपला नव्हता, तरी किशोरीनं मानलं. त्यांनी फक्त दोन ठिकाणी दुरुस्तीच्या खुणा केल्या होत्या, असं कळलं.

माघातल्या तुकडीत अकरा बायका होत्या. बारावी मी. ओवाळणीत नाही, या वेळी स्वतःहून, रजा टाकून.

द्वादशीलाच त्या कड्याशी पोचलो. दुपारचा एक. नूतनताईनं पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बसा समद्या. येक तास."

चालून आलेल्या बायका, अंगात वेग भरलेला. कुणी चुळबुळ करत होतं, कुणी फोटो काढत होतं. नवी मुंबईची भाविका नावाची एक तरतरीत मुलगी खडकाच्या टोकाला जाऊन आली. "मावशी, चलो ना. घोट्याएवढं तर पाणी आहे. तास काय बसायचं?" दोघी-तिघींनी तिची री ओढली. पिशव्या परत पाठीला लागल्या.

नूतनताईनं वही काढली. पहिलं पान उघडलं. तिला अक्षरं लावून लावून वाचावं लागतं, तसं तिनं ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं.

"कार्तिक, द्वादशी. सुकती तीनला. मी चार बोल्ली. पानी बघितला नाय. रचना कमरेपर्यंत पान्यात. तिचा बूट गेला. ती गेली असती."

वहीची बाकीची पानं मी पाहिली होती, आकड्यांची. हे पान तिनं मला कधी दाखवलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी टोपी खाली ओढून लपवलं, आणि बायकांनी एक एक करून पिशव्या उतरवल्या.

भाविका तिच्या पायाशी येऊन बसली. मी शेजारी बसले. नूतनताईचा उजवा पाय हलत होता, म्हणून मी त्याच्यावर हात ठेवला. समोर पाणी उतरत होतं. उठायला अजून पन्नास मिनिटं होती.